तो पट्टा मी शिवला नव्हता

मी चामडं शिवायची हातमशीन. कापड शिवणाऱ्या मशिनींशी माझं नातं जोडू नका, त्या नाजूक घरच्या. माझी सुई जाड, टोकाला पात्यासारखी धार. माझा हात एकच, लांब आणि इतका सडपातळ, की तान्ह्या मुलाचा बूटसुद्धा त्यावर चढतो. उजव्या अंगाला एक चाक. चाकाची मूठ धरून एक फेरा दिला की एक टाका, दोन फेऱ्यांना दोन. घाई करणाऱ्याला मी कधी दाद दिली नाही आणि आळशाला माझ्याकडून एकही टाका फुकट मिळाला नाही.

जन्म माझा भट्टीतला. लोखंड वितळवून साच्यात ओतलं, थंड झाल्यावर कानशीनं घासून घासून अंगाला घाट आणला, वर काळा रंग चढवला. मग गवत भरलेल्या खोक्यात झोपवून मला एका दुकानात पाठवलं. तिथं मी बरेच महिने धूळ खात पडले होते. येणारा प्रत्येक जण माझं चाक एकदा गरकन फिरवून बघायचा आणि निघून जायचा. मला तेव्हापासून गरकन फिरवणाऱ्यांचा राग आहे.

ज्यानं मला घेतलं त्यानं चाक फिरवलंच नाही. त्यानं खिशातून चामड्याचा तुकडा काढला, माझ्या सुईखाली ठेवला आणि अगदी हळू, जणू मला जाग येऊ नये अशा बेतानं, चार टाके घातले. तुकडा उलटा करून बघितला. खालचा टाका वरच्यासारखाच दिसतोय म्हटल्यावर मान हलवली. बस, सौदा झाला.

हे आमचे पट्टेवाले. पट्टेवाला म्हटलं की लोकांना कचेरीबाहेर स्टुलावर बसलेला शिपाई आठवतो. एकदा तर एक गृहस्थ दुकानात येऊन, साहेब आत आहेत का, असं विचारून गेले होते. पण आमचे पट्टेवाले खरोखरीचे पट्टे करायचे. कमरेचे, पिशव्यांचे, पेट्या बांधायचे, जनावरांच्या गळ्यातले. मला घरी आणलं तेव्हा त्यांच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. नवी नवरी दारात उभी राहून म्हणाली, सवत आणायची होती तर आधी सांगायचं होतं. पुढं हीच माझी सवत रोज दुपारी माझ्याशेजारी बसून दोऱ्याला मेण लावायची. ती वारली त्या दिवशी पट्टेवाल्यांनी मला हात लावला नाही. बाकी एवढ्या वर्षांत असा खाडा मला आठवत नाही.

त्यांना दोन मुलगे. थोरला टपाल वाटायचा. सकाळी सायकलवर टांग टाकून निघाला की संध्याकाळी घरी. त्याला चामड्यात रस नव्हता, कशातच फारसा नव्हता. कुठलाही वाद सुरू झाला की तो म्हणायचा, जाऊ दे. धाकटा मात्र बापाचा जीव की प्राण. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड, आणि एका जागी टिकेल तर शपथ. कधी गॅरेजात, कधी छापखान्यात, कधी कुणाच्या तरी भागीदारीत. दर खेपेला कायमचा येतो म्हणून यायचा आणि चार महिन्यांत नाहीसा व्हायचा. तो नसला की रस्त्यावर बुटांचा आवाज झाला तरी पट्टेवाल्यांचा हात थांबायचा. माझी सुई चामड्यात अर्धी रुतलेली आणि यांचे कान दाराकडं. मला ते मुळीच आवडायचं नाही.

थोरल्याचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आल्या. पहिले पंधरा दिवस त्या दुकानातून जाताना नाकाला रुमाल लावायच्या. कातडं, मेण, खळ, तेल असा सगळा वास एकत्र, नवीन माणसाला मळमळायचंच. मला वाटलं, ही काही इकडं फिरकायची नाही.

पण पट्टेवाल्यांच्या हाताला कंप सुटला होता. उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हातानं चामडं धरायचं, हे त्यांना जमेना. शिलाई नागमोडी जायला लागली. एका दुपारी त्यांनी सूनबाईंना हाक मारली आणि म्हणाले, बाळ, जरा चाक फिरवतेस का, मी दोन्ही हातांनी चामडं धरतो.

ती चाकाला बसली. मी सांगते, हे काम दिसतं तेवढं अडाण्याचं नाही. चामडं जाड लागलं की चाक जड होतं, पातळ आलं की सैल पडतं. सुई कुठल्या थरात आहे हे मुठीतून हाताला कळतं. महिनाभरात ती डोळे दुसरीकडं ठेवूनही, इथं चामडं कच्चं आहे मामंजी, असं सांगायला लागली. सासरे चमकून बघायचे. कापून पाहिलं तर खरंच कच्चं असायचं.

वर्षभरानं त्यांनी जागा बदलल्या. चामडं तिच्या हाती, चाक त्यांच्या हाती. आणखी काही दिवसांनी त्यांची चाकाचीही गरज राहिली नाही. ती एका हातानं फिरवायची, एका हातानं वळवायची. रुमाल कधीच सुटला होता.

मला ती आवडायची, हे लपवत नाही. पट्टेवाल्यांचा टाका सरळ होता, तिचा सरळही होता आणि शांतही. ती रोज काम सुरू करण्याआधी मला तेलाचे तीन थेंब द्यायची, आणि चुकून बोट टोचलं तरी शिवी माझ्या नावानं हासडायची नाही, स्वतःच्या नावानं हासडायची.

त्या सुमारास वीज कचेरीकडून काम आलं. गावोगाव विजेचे खांब उभे राहत होते आणि खांबावर चढणाऱ्या तारवाल्यांना कमरेचे पट्टे हवे होते. दुहेरी चामड्याचे, दोन्ही बाजूंना लोखंडी कडी. माणूस खांबाला पाय लावतो, पट्टा खांबाभोवती टाकतो, मागं रेलतो आणि दोन्ही हात मोकळे करून काम करतो. त्याचं सगळं वजन तेवढ्या शिलाईवर.

तारवाले पट्टे न्यायला स्वतः यायचे. आमच्या दुकानाच्या दारातच एक लाकडी खांब होता. त्याला पट्टा घालायचे, दोन्ही पाय खांबावर टेकायचे आणि हात सोडून मागं झुकायचे. वर हसायचे. एकाला सवय होती, तो झुकल्यावर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, वहिनी, आता चहा आणा, मी इथंच झोपतो. सूनबाई हसायच्या, पण तो सरळ उभा राहीपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला असायचा. माझ्या चाकावर त्यांची मूठ घट्ट झालेली मला जाणवायची.

पट्ट्यांची मागणी वाढली. दोन हातांनी भागेना. मग घरात विचार सुरू झाला, की आणखी एक हातमशीन घ्यावी आणि एखादा कारागीर ठेवावा, की सरळ विजेची मशीन आणावी. पट्टेवाले हलक्या हातानं निर्णय घेणारे नव्हते. मशीनवाल्या व्यापाऱ्याला त्यांनी नेमके प्रश्न विचारले. दोन थर ओढेल का? कडीपाशी वळेल का? आणि किती हळू चालेल? व्यापारी हसला. म्हणाला, काका, लोक विचारतात किती जोरात चालेल. हळू चालवायची तर विजेची घेता कशाला?

ही बातमी धाकट्याला कुठून लागली कोण जाणे. तो आठ दिवसांत हजर. गॅरेजात मोटरींशी खेळलेला असल्यामुळे त्याला विजेची मशीन म्हणजे हातचा मळ. त्यानंच व्यापाऱ्याला पटवून ती आठ दिवसांच्या बोलीवर घरात आणली. मोठं पोलादी टेबल, खाली मोटर, पायाशी पायटा. बटण दाबलं की आधी नुसतीच गुरगुरायची. पायटा दाबला की किंचाळत सुटायची.

पट्टेवाल्यांनी दोन पट्टे कापले, एकाच कातड्यातून, शेजारी शेजारी. एक सूनबाईंना दिला, एक धाकट्याला. धाकट्याचा पट्टा चहा गाळून होईपर्यंत झाला. आमचा व्हायला चहा कधीच निवून गेला होता. दोन्ही पट्टे त्यांनी खिडकीपाशी नेले. नखानं टाके चाचपले, ओढले, दुमडले, उलट केले. मग खांबाला बांधून दोन्हींवर आळीपाळीनं स्वतःचं वजन टाकलं. धाकट्याच्या पट्ट्यातून बारीकसा कर्र असा आवाज आला. आमचा गप्प होता.

पट्टेवाल्यांनी दोन्ही पट्टे गुंडाळून ठेवले. संध्याकाळी थोरला टपाल वाटून आला, तेव्हा माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी सांगितलं, विजेची ठेवून घेतोय. थोरल्यानं नुसतंच, बरी आहे का, असं विचारलं.

ते म्हणाले, "बरीवाईट ते नंतर बघू. ती असली तर तो घरी थांबेल."

थोरला म्हणाला, मग ठीक आहे. सूनबाई तिथंच खाली बसून दोऱ्याची रिळं भरत होत्या. दोघांपैकी एकानंही खाली बघितलं नाही.

तर निवड झाली ती अशी. लोक अजून विचारतात, चामड्याला हातमशीन चांगली की विजेची. त्याचं उत्तर त्या दिवशी आमच्या घरात कुणी शोधलंच नव्हतं.

मला उचलून मागच्या खोलीत, मोरीच्या भिंतीला लावलं. पुढच्या जागेवर, उजेडात, पोलादी टेबल. सूनबाईंच्या वाट्याला कापाकाप, खळ लावणं, दोऱ्यांची टोकं जाळणं, आणि कडीजवळची छोटी आडवी शिलाई, कारण तिथं त्या मोठीचा हात जायचा नाही. तेवढ्यापुरत्या त्या माझ्याकडं यायच्या. दहा-बारा टाके, की उठल्या. ओलीमुळं माझ्या पायाला गंज चढायला लागला होता.

एक मान्य करते, मला जळफळाट झाला. मी मनाशी म्हणायचे, बघ, सूनबाईला त्या किंचाळणीचा किती तिटकारा आहे. ती पुढच्या खोलीच्या दारात उभी राहून तिच्याकडं एकटक बघायची ना, मला ते डोळे रागाचे वाटायचे.

धाकटा वाईट नव्हता. घाईचा होता. त्याला टाके बारीक आवडायचे, दिसायला सुबक म्हणून. एकदा सूनबाई पट्टा हातात घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, टाका जरा लांब घ्या. हे कापड नाही, चामड्यात पडलेलं भोक बुजत नाही. इतकी भोकं ओळीनं पाडलीत तर तिथंच फाटेल."

तो हसत म्हणाला, वहिनी, तुम्ही तुमची हातगाडी ढकला. मग त्यांनी सांगितलं की सुईला हात लावून बघा, चटका बसतोय, दोरा आतून जळत असणार. त्यानं पायटा दाबला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. त्या सासऱ्यांकडं गेल्या. सासरे म्हणाले, खरं असेल बाळ, पण तू त्याला शिकवू नकोस, तो उठून जाईल. नवऱ्याला सांगितलं. तो काय म्हणाला असेल ते तुम्हाला माहीत आहे.

अशी तीन वर्षं गेली. धाकटा खरंच घरी थांबला. पट्टेवाल्यांनी रस्त्याकडं कान लावणं सोडलं. चेहऱ्यावर मांस आलं त्यांच्या.

आणि मग एका सकाळी एक तारवाला खांबावरून पडला. तोच, डोळे मिटून चहा मागणारा. पट्टा कडीपासून वीतभर अंतरावर, लांब शिलाईच्या रेषेत, सरळ फाटला होता. माणूस वाचला. पण कंबर मोडली, आणि पुन्हा खांबावर चढणं सोडाच, धड उकिडवं बसणंही त्याच्या नशिबात राहिलं नाही.

वीज कचेरीचे तपासणी साहेब फाटका पट्टा घेऊन दुपारी आले. धाकटा तो बघून मागच्या खोलीत पळाला आणि माझ्या चाकाला धरून तिथंच बसून राहिला. त्याच्या हाताला एवढा घाम होता की मूठ निसटत होती. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच मला हात लावला.

बाहेर साहेबांनी विचारलं की हा शिवला कोणी. पट्टा पट्टेवाल्यांच्या हातात होता. आयुष्य टाके बघण्यात गेलेला माणूस, त्याला एका नजरेत कळलं. भोकं इतकी जवळजवळ, की चामड्याची नुसती चाळण झालेली. त्या रेषेला मी कधी शिवलेलंच नव्हतं. माझं काम कडीचं, आणि कडी तर पट्ट्याला घट्ट चिकटलेली होती.

त्यांनी बराच वेळ पट्टा चाचपला. मग म्हणाले, "हा सुनेकडचा. हातमशीनवरचा आहे."

सूनबाई तिथं, चार हातांवर, खळीचं भांडं घेऊन उभ्या होत्या.

साहेबांनी सुस्कारा सोडला. ते तसे सज्जन होते. म्हणाले, बायकांच्या हातात जोर कमी पडतो, व्हायचंच. विजेच्या मशीनवर तरी असं होत नाही. मग त्यांनी कागद काढला आणि पट्टेवाल्यांकडून लिहून घेतलं की यापुढं या कामात हातमशीन वापरणार नाही, आणि घरातल्या बाईच्या हातचा एकही पट्टा कचेरीला येणार नाही. पट्टेवाल्यांनी सही केली. कडीपाशी टाक्यांऐवजी यापुढं रिबिटं मारायची ठरलं. काम वाचलं. धाकटा वाचला.

सूनबाई का बोलल्या नाहीत, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं. मला वाचा असती तर मी छप्पर उडवलं असतं. पण त्या सासऱ्यांकडं बघत होत्या, आणि ते काही केल्या त्यांच्याकडं बघत नव्हते. मला वाटतं, त्या वाट बघत होत्या. कागदाची घडी होऊन साहेबांच्या खिशात जाईपर्यंत त्या वाट बघत होत्या.

संध्याकाळी त्यांचा नवरा आला. फाटका पट्टा साहेबांनी नेला नव्हता, अजून कापायच्या पाटावर पडला होता. त्यानं तो उचलून बघितला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "अरे, हा तर तिकिटासारखा फाटलाय. भोकांच्या रेषेवर." दिवसभर तिकिटं हाताळणाऱ्या माणसाला दिसलं ते. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पट्टा खाली ठेवला. जाऊ दे म्हणाला नाही तो त्या दिवशी.

दोन दिवसांनी सूनबाई तारवाल्याच्या घरी गेल्या. परत आल्या आणि माझ्यासमोर स्टुलावर बसल्या, चाकाला हात न लावता. नवऱ्याला त्यांनी हळू आवाजात सांगितलं की त्याच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. पट्टेवाल्यांची सून म्हटल्यावर, हातमशीन चालवते तीच ना, एवढं विचारलं आणि दार लावून घेतलं. मग त्या म्हणाल्या, बरोबर केलं तिनं. तिला जे सांगितलंय ते ती मानणार.

त्यानंतरची एक सकाळ. धाकटा कातडी आणायला गेला होता, पट्टेवाले न्हाव्याकडं. सूनबाई पुढच्या खोलीत गेल्या. मला वाटलं झाडायला गेल्या असतील. मग बटणाचा आवाज झाला.

मधलं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. त्यांनी आधी सुई बदलली. दोऱ्याचं रीळ काढून मेणवलेला दोरा लावला. टाका लांब करणारा खिट्टा फिरवला, जणू रोजच फिरवतात. चप्पल काढली. अनवाणी पाय पायट्यावर ठेवला आणि नुसत्या अंगठ्यानं, फुंकर घालावी तसा, दाबला.

तीन वर्षं किंचाळत असलेली ती मशीन त्या दिवशी पहिल्यांदा नीट बोलली. टक्, टक्, टक्. एकेक टाका मोजून घ्यावा असा. सूनबाई दोन्ही हातांनी चामडं वळवत होत्या. दोन्ही हातांनी! माझ्याकडं त्यांचा एक हात कायम चाकाला बांधलेला असायचा. त्यांचे खांदे खाली आले होते. चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हा मला कळलं आणि मला फार लागलं. दारात उभं राहून त्या बघायच्या ते डोळे रागाचे नव्हते. त्या शिकत होत्या. त्यांचं प्रेम माझ्यावर नव्हतंच, शिवण्यावर होतं. मी किंवा ती, कुणीही चाललं असतं. मी आपली उगाच तीन वर्षं मोरीत बसून स्वतःला त्यांची सखी समजत होते.

पट्टेवाले कधी येऊन दारात थांबले ते त्यांना समजलं नाही. पट्टा पूर्ण झाला तेव्हा ते पुढं झाले. तो खिडकीपाशी नेला, चाचपला, ओढला, खांबाला घालून त्यावर रेलले. किती तरी वेळ रेलून राहिले. पट्ट्यातून आवाज नाही.

"कुठं शिकलीस?"

"बघून. तीन वर्षं बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ही मशीन आणलीत तेव्हा मी इथंच खाली बसले होते, मामंजी. मला कुणी विचारलं नाही."

म्हातारा खांबाला टेकला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. ही बसली असती या जागेवर, तर कुणी पडलं नसतं. आणि आता हिला बसवताही येत नव्हतं. कचेरीत त्यांच्याच सहीचा कागद होता. एक खोटं बोलून त्यांनी मुलगा राखला, आणि त्याच खोट्यानं दुकानातला एकुलता एक खरा कारागीर बाहेर काढला. ते म्हणाले, पुढंमागं बघू, साहेब बदलला की बघू. सूनबाईंनी पट्टा त्यांच्या हातून घेतला आणि लांब शिलाईतून पातं फिरवून तो उसवून टाकला. म्हणाल्या, माझ्या हातचा आहे, कचेरीला चालायचा नाही.

महिन्याच्या आत त्यांनी पिशव्यांच्या कारखान्यात काम धरलं. तिथं चाळीस विजेच्या मशिनी होत्या म्हणे. परीक्षेला एक पिशवी शिवायला दिली, ती झाल्यावर मुकादमानं दुसरी द्यायची तसदी घेतली नाही. थोरल्यानं टपाल कचेरीमागं दोन खोल्या बघितल्या. घर सोडायच्या दिवशी बापानं त्याला, अरे, तू तरी थांब, म्हटलं. तो सायकलला गाठोडं बांधत म्हणाला, बाबा, त्या दिवशी पट्टा मीही बघितला होता.

पट्टेवाल्यांनी मला मागच्या खोलीतून बाहेर काढवलं. स्वतः पुसलं, गंज घासला, तेल घातलं. सूनबाईंना म्हणाले, ही तुझी. घेऊन जा.

माझ्या काळजात काय झालं म्हणून सांगू! पण त्या म्हणाल्या, "नको मामंजी. मला मशीन नको होती, जागा हवी होती." त्यांनी वाकून नमस्कार केला, मला नाही, त्यांना, आणि निघाल्या. जाताना माझ्या चाकाला त्यांचा नुसता धक्का लागला, अर्धा फेरा फिरलं ते. सुई खाली उतरून तशीच राहिली.

पुढं वीज कचेरीनं चामड्याचे पट्टे बंदच केले. नायलॉनचे आले, कारखान्यात विणलेले. ज्या कामासाठी एवढं सगळं झालं ते काम वर्ष-दीड वर्षही टिकलं नाही. धाकट्यानं विजेची मशीन विकून टाकली आणि तयार पिशव्यांचं दुकान काढलं. शोभेसाठी मला सोनेरी रंग फासून काचेत बसवलं. शेजारी पाटी आहे, आमच्याकडे हाताने शिवलेल्या वस्तू मिळतील. त्यातली एकही वस्तू हाताने शिवलेली नाही. रंग सांध्यांत जाऊन वाळला आहे, आता माझं चाक कुणी गरकन फिरवू म्हटलं तरी फिरत नाही. धाकटा गल्ल्यावर टिकून आहे. म्हातारा माझ्याशेजारी स्टुलावर बसून असतो. घरात दुसरं कुणी नाही, बोलायला कुणी नाही. धाकटा पुढ्यात असूनही तो आता पुन्हा रस्त्याकडं कान लावून बसतो. कुणाच्या पावलांसाठी, ते त्यानं कधी तोंडानं सांगितलेलं नाही.

परवा एक मुलगी दुकानात आली. चामड्याचं काम शिकतेय म्हणाली, आणि मशीन घ्यायचीय, हाताची घेऊ की विजेची, असं म्हाताऱ्याला विचारत होती. चौकस होती, वाकून वाकून माझा पाय, हात सगळं बघितलं. मग वहीत काही लिहून घेत तिनं विचारलं, आजोबा, ही शेवटची कुणी चालवली?

मी सगळं अंग कान करून ऐकत होते. एवढं एक नाव घेतलं असतं तर माझ्या मनात त्यांच्याविषयी कसलाही राग उरला नसता. साहेब नव्हते, कागद नव्हता, काम जायचं नव्हतं. म्हाताऱ्यानं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

मग म्हणाला, मीच.

मुलीनं ते लिहून घेतलं, माझा फोटो काढला आणि गेली.

तो फोटो कधी तुमच्या समोर आला, तर त्याखाली जे लिहिलं असेल ते खोटं आहे, एवढंच तुमच्या कानावर घालायचं होतं. मला शेवटचं चालवलं ते त्या घरच्या थोरल्या सुनेनं. ती आता कारखान्यात विजेच्या मशीनवर बसते आणि माझी तिला आठवण येत नसणार. न येवो. तिच्या हातून कुणीही पडलेलं नाही.